वछेऱ्याचं रक्त ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीला गेलंय. रिपोर्ट येईपर्यंत काय करू? (वाई, जि. सातारा)

वाईकर_पागा | 11 जानेवारी, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या गावात आमचं घर. आजोबांपासून दारात घोडं आहे. वरातीला घोडी देतो, आणि सुट्ट्यांच्या हंगामात पाचगणीला टेबल लँडवर पाहुण्यांच्या रपेटीसाठी चढवतो. घर त्यावरच चालतं.

मागच्या महिन्यात एका यात्रेच्या बाजारातून अडीच वर्षांचा कुमेत वछेरा आणला. पंधरा दिवस चांगला खात होता. मग वैरण सोडली, अंगात ताप भरला, दोन्ही नाकपुड्यांतून पिवळट घट्ट शेंबूड यायला लागला आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, मग हातमोजे आणि मास्क घालून मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. आमची जुनी घोडी चंद्री त्याच्या शेजारीच बांधलेली असते, तिचंही घेतलं. म्हणाले, "दुसरंच काही निघायची शक्यता जास्त आहे, पण ग्लँडर्सची तपासणी केल्याशिवाय सोडणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत एकही जनावर दारातून हलवायचं नाही."

तेव्हापासून झोप नाही. शेजारी म्हणतात रिपोर्ट वाईट आला तर दोन्ही घोडी मारतात. ही तपासणी नक्की कशी होते, किती दिवस लागतात, चुकू शकते का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_पशुवैद्य | 11 जानेवारी, रात्री 10:35

वाईकर, आधी वछेरा आणि चंद्री वेगळे बांधा. आज रात्रीच. बादली, तोबरा, खरारा, लगाम, झूल, सगळं ज्याचं त्याला वेगळं. ज्या हाताने वछेऱ्याला पाणी पाजलं त्याच हाताने घोडीकडे जाऊ नका. आधी घोडीचं काम उरका, मग वछेऱ्याचं, आणि मग साबणाने हात कोपरापर्यंत धुवा.

ग्लँडर्स हा बर्खोल्डेरिया मॅलिआय या जिवाणूचा रोग. घोडा, गाढव, खेचर यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. तुमच्या डॉक्टरांनी हातमोजे घातले ते म्हणूनच. नाकाचा स्राव पाण्यात, वैरणीत, तोबऱ्यात पडतो आणि तिथून दुसऱ्या जनावराच्या पोटात जातो. उन्हात आणि कोरड्यात हा जिवाणू लवकर मरतो, ओलसर अंधाऱ्या जागी मात्र काही आठवडे तग धरतो. तबेल्यातली ओली गादी काढून जाळा, कौलं उघडता आली तर उघडा, ऊन आत येऊ द्या.

आता थोडं धीराचं. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला स्ट्रँगल्स या घोड्यांच्या घशाच्या रोगाची शंका जास्त येते. तो स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या जिवाणूमुळे होतो आणि कोवळ्या जनावरांत, तेही बाजारातून आणलेल्यांत, फार दिसतो. त्यात गाठ गरम असते, दुखते, मऊ पडते आणि फुटते. ग्लँडर्समधली गाठ बहुधा टणक असते, दाबली तरी जनावर फारसं अंग चोरत नाही. स्राव चिकट, मधासारखा, पुष्कळदा एकाच नाकपुडीतून. नाकाच्या पडद्यावर व्रण पडतात आणि भरले की चांदणीसारखे वण राहतात. कातडीच्या प्रकारात पायाच्या आतल्या बाजूने दोरीला गाठी माराव्यात तशा गाठी उठतात.

पण हे पुस्तकातलं झालं. चौतीस वर्षांच्या नोकरीत नुसत्या डोळ्यांनी मी दोनदा चुकलोय. घोड्यात हा रोग महिनोन्महिने दबा धरून बसतो, जनावर वरून धडधाकट दिसतं. गाढवात आणि खेचरात तो झपाट्याने येतो. म्हणून रक्त तपासायलाच हवं.

पाचगणी_घोडेवाला | 11 जानेवारी, रात्री 11:10

दादा, 2006 साली ग्लँडर्स परत आला तेव्हा पुण्याबरोबर आपल्या पाचगणीचंच नाव होतं. मी तेव्हा शाळेत होतो. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं एवढं आठवतं. पुढे उत्तरेतल्या राज्यांतही निघाला. तेव्हापासून वडील हंगामाच्या आधी स्वतः दवाखान्यात जाऊन रक्त घ्यायला सांगतात. तुम्ही या वेळी घोडी वर आणू नका, आमच्याकडून कोणी विचारलं तर मी सांगतो.

वाईकर_पागा | 12 जानेवारी, सकाळी 7:15

रात्रीच वेगळे बांधले. वछेरा मागच्या पडवीत आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. काल संध्याकाळी एक व्यापारी येऊन गेला. "रिपोर्टच्या आधी मला दे, निम्मी रक्कम आत्ता रोख," म्हणाला. घरात काहींना ते पटतंय. मला पटत नाही, पण पैसे कर्जाचे आहेत. दुसरं म्हणजे, सात वर्षांचा मुलगा रोज वछेऱ्याला गूळ भरवायचा. त्याला काय करू?

निवृत्त_पशुवैद्य | 12 जानेवारी, सकाळी 8:05

देऊ नका. हात जोडून सांगतो.

तो व्यापारी वछेरा कुठे नेईल? दुसऱ्या बाजारात. तिथे एका हौदावर चाळीस जनावरं पाणी पितात. ग्लँडर्स हा 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यातला अधिसूचित रोग आहे. संशय आला की कळवणं आणि जनावर न हलवणं हे मालकाचंही कर्तव्य आहे. इंग्रजांनी तर 1899 मध्ये एकट्या या रोगासाठी वेगळा कायदा केला होता, इतकी त्याची धास्ती. लष्कराची आणि टांग्यांची घोडी त्यात जायची.

आणि आपल्याकडे घोडं माणसाच्या किती जवळ असतं बघा. नवरदेव वर बसतो, पोरं मानेला मिठी मारतात. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं की माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ज्या जिल्ह्यात घोड्याला एवढा मान, तिथे आजारी घोडं लपवून विकणं मनाला कसं पटेल?

कराडचा_डॉक्टर | 12 जानेवारी, दुपारी 1:40

मी माणसांचा डॉक्टर, म्हणून मुलापुरतं लिहितो. घाबरून औषध सुरू करू नका. आज त्याला वछेऱ्यापासून लांब ठेवा. हाताला, तोंडाला खरचटलेलं आहे का बघा. ताप, अंगदुखी, नाकातून घाण येणं, खोकला, किंवा जखमेच्या जागी गळू, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा: "घरातल्या घोड्याचं रक्त ग्लँडर्सच्या तपासणीला गेलंय." हे सांगितलं नाही तर कुठलाही डॉक्टर साध्या तापाचं औषध देईल, कारण हा रोग माणसात इतका विरळा आहे की तो डोक्यातच येत नाही. माणसात उपचार होतो, मात्र चार दिवसांच्या गोळ्यांनी भागत नाही, काही महिने औषध चालतं. तुमच्याही हाताला लगामाने कातडं सोललेलं असेल तर हातमोजे घालूनच काम करा. माणसाला हा रोग बहुतेक वेळा जखमेतून किंवा श्वासातून शिरतो.

माणदेशी_मेंढका | 12 जानेवारी, रात्री 8:30

मी आटपाडीकडचा. आमचा मेंढराचा वाडा. दिवाळीनंतर घाटाखाली जातो, बिऱ्हाड तट्टावर. भांडी, जाळी, तंबू, कोंबड्या, लहान पोरं, समदं घोड्याच्या पाठीवर. घोडं गेलं की आमचं घर मोडतं.

चार वर्षांमागं आमची एक घोडी अशीच. पायाला गाठी, फुटल्या की चिकट पाणी. रक्त नेलं. कुणी काय सांगितलं न्हाय. महिन्याभरानं साहेब आले, कागद दाखवला, घोडीला इंजेक्शन दिलं, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. माझी आई खड्ड्याजवळनं रात्रभर हलली न्हाय. तिनं त्या घोडीच्या पाठीवर मला वाढवलं हुतं. भरपाईचा अर्ज कुणी नीट भरून दिला न्हाय, त्यो तसाच राहिला.

त्यामुळं आता आमच्यात रक्त घ्यायला कोण आलं की लोक घोडी डोंगराआड न्हेतात. मी बी न्हेलीय. खोटं कशाला बोलू. वाईकरदादा, तुमचं वाचून पोटात कालवलं म्हणून लिहिलं.

मिरजेची_लेक | 12 जानेवारी, रात्री 9:20

मेंढकादादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील सांगली-मिरज टांगा चालवायचे. स्टँडवर सगळे टांगे एका रांगेत, पण आमच्या घोड्याचा तोबरा वडिलांनी कधी कोणाला दिला नाही आणि सार्वजनिक हौदावर कधी पाणी पाजलं नाही. घरून पत्र्याचा डबा न्यायचे. लहानपणी मला तो चिक्कूपणा वाटायचा. आज कळतंय.

मला एक विचारायचं आहे. माणसाला औषध देतात, मग घोड्याला का देत नाहीत?

निवृत्त_पशुवैद्य | 12 जानेवारी, रात्री 10:15

ताई, हा प्रश्न मला दर वेळी विचारला गेला आणि दर वेळी उत्तर देताना जीभ जड झाली. औषधाने जनावर वरून बरं दिसतं, पण जिवाणू फुप्फुसातल्या, प्लीहेतल्या गाठींत लपून राहतो आणि स्राव पुन्हा सुरू होतो. म्हणजे बरं दिसणारं जनावर गावभर रोग वाटत फिरतं. लस नाही. त्यामुळे जगभर एकच मार्ग आहे: तपासायचं, खात्री झाली तर वेदना न देता संपवायचं, आणि आसपासची सगळी घोडी-गाढवं तपासायची. ज्या देशांनी हा रोग घालवला त्यांनी असाच घालवला.

मेंढकाभाऊ, तुमच्या घोडीच्या बाबतीत खात्याकडून सांगण्यात कमी पडलं, हे मी खात्यातला माणूस म्हणून मान्य करतो. भरपाईची तरतूद आहे. पंचनामा आणि जनावराच्या वर्णनाचा कागद त्याच दिवशी हातात घ्यायचा असतो. कोणाचंही जनावर असं गेलं तर खड्डा बुजायच्या आधी हे कागद मागा.

रक्तजल | 13 जानेवारी, रात्री 11:45

मी रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, मूळचा इस्लामपूरचा. वाईकरांचा मूळ प्रश्न तपासणीचा होता, तो कोणी नीट घेतला नाही म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या डॉक्टरांनी घेतलेलं रक्त नळीत गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते रक्तजल. आम्हाला तेच लागतं. जनावराला संसर्ग झाला असेल तर त्याच्या शरीराने त्या जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात, आणि ती रक्तजलात असतात. म्हणजे या तपासणीत आम्ही जिवाणूला बघत नाही, त्याने शरीरात उमटवलेली खूण बघतो.

पहिली चाळणी एलायझाची. प्लास्टिकच्या ताटलीत 96 छोट्या वाट्या असतात. प्रत्येकीच्या तळाला जिवाणूचं एक ठराविक प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात रक्तजल टाकायचं, धुवायचं. प्रतिपिंडं असतील तर ती तळाला धरून राहतात, नसतील तर वाहून जातात. मग रंग देणारं रसायन. वाटीला रंग चढला की संशय. पूर्वी यात अख्ख्या जिवाणूचा अर्क वापरत, त्यामुळे जवळच्या दुसऱ्या जिवाणूंच्या प्रतिपिंडांनीही रंग यायचा आणि निरोगी जनावर अडकायचं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने एचसीपी-1 हे एकच प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून त्यावर चाचणी बसवली. त्यामुळे असे चुकीचे इशारे खूप कमी झाले. आपल्या देशात घोड्यांच्या रोगांचा शेवटचा शब्द हिसारचा असतो.

एलायझात संशय आला तरी त्यावर कोणी घोडा मारत नाही, हे शेजाऱ्यांना सांगा. त्यानंतर खात्रीची चाचणी असते, कॉम्प्लिमेंट फिक्सेशन. ही मला सगळ्यांत सुंदर वाटणारी चाचणी. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाचा एक नैसर्गिक पदार्थ असतो, पेशी फोडणारा. आधी घोड्याचं रक्तजल गरम करून त्यातलं त्याचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट निकामी करतात. गाढवाच्या आणि खेचराच्या रक्तजलाला उष्णता थोडी जास्त द्यावी लागते, नाहीतर ते चाचणी बिघडवतं. मग त्यात जिवाणूचा अर्क आणि गिनीपिगचं मोजून मापून घेतलेलं कॉम्प्लिमेंट घालून रात्रभर थंडीत ठेवतात. सकाळी मेंढीच्या तांबड्या पेशी टाकायच्या. प्रतिपिंडं नसतील तर कॉम्प्लिमेंट मोकळं राहतं, पेशी फोडतं आणि सगळं पाणी लालभडक पारदर्शक होतं. प्रतिपिंडं असतील तर रात्रीतच कॉम्प्लिमेंट खर्ची पडलेलं असतं, पेशी फुटत नाहीत आणि वाटीच्या तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. ती टिकली दिसली की आमच्या खोलीत सगळे गप्प होतात. कारण ती कोणाची तरी घोडी असते, हे आम्हालाही माहीत असतं.

पूर्वी मॅलिन नावाचं द्रव्य खालच्या पापणीत टोचून दोन दिवसांनी सूज बघत. पण ते टोचलं की पुढची रक्ततपासणी गोंधळते.

वेळेचं म्हणाल तर यंत्रावरचं काम थोडं असतं. दिवस जातात ते प्रवासात आणि नमुने साठेपर्यंतच्या वाट बघण्यात. म्हणून नमुना पहिल्याच वेळी चांगला असणं फार महत्त्वाचं.

एक कळकळीची सूचना. गाठ फुटली तर तो पू तुम्ही गोळा करून कुठल्याही खासगी लॅबला देऊ नका. ग्लँडर्सचा जिवाणू वाढवायला विशेष सुरक्षित प्रयोगशाळा लागते. 2000 साली अमेरिकेत त्याच विषयात काम करणाऱ्या एका संशोधकाला प्रयोगशाळेतच हा रोग झाला होता. आधी रक्ताचा निकाल येऊ द्या.

वाईकर_पागा | 19 जानेवारी, रात्री 8:20

दोन बातम्या.

गाठ 16 तारखेला पहाटे फुटली. वाटीभर पिवळा घट्ट पू निघाला. मी हात लावला नाही, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हातमोजे घालून धुतली, कापूस आणि पट्ट्या जागेवर जाळायला लावल्या. त्या रात्री वछेऱ्याने पहिल्यांदा ओला भुसा खाल्ला. ताप उतरतोय.

दुसरी बातमी मन खचवणारी. वछेऱ्याचा नमुना रद्द झाला. वाटेत रक्त फुटलं होतं म्हणे, रक्तजल लाल झालं होतं. चंद्रीचा चालला. म्हणजे आठ दिवस वाया, आणि दोन वराती गेल्या त्या वेगळ्या. उद्या परत रक्त घ्यायचंय. या वेळी काय काळजी घेऊ?

रक्तजल | 19 जानेवारी, रात्री 9:00

रक्त साध्या, लाल झाकणाच्या नळीत घ्यायला सांगा, जांभळ्या झाकणाच्या नाही. त्यात गोठू न देणारं औषध असतं. सुई जाड हवी, म्हणजे रक्त सरळ धारेने येतं. नळी हलवायची नाही. सावलीत तिरकी ठेवून तासभर गोठू द्यायची. वर सुटलेलं रक्तजल दवाखान्यातच दुसऱ्या नळीत काढून घेतलं तर सगळ्यात उत्तम, मग प्रवासात बिघडायला काही उरतच नाही. बर्फाची पिशवी नळीला थेट चिकटवू नका, मध्ये कागद ठेवा. अख्खं रक्त गोठलं, म्हणजे बर्फ झालं, तर पेशी फुटतातच. मोटारसायकलच्या डिकीत मोकळी ठेवली तर खड्ड्यांनी तेच होतं. नळीवर पेन्सिलीने लिहा, शाईचं थंडीच्या ओलाव्याने पुसतं.

आणि फॉर्मवर जनावराचं वर्णन पूर्ण द्या. रंग, वय, कपाळाचा टिळा, कुठले पाय पांढरे, भोवऱ्या कुठे. नुसतं "घोडा, तांबडा" लिहून आलेल्या नमुन्यांनी फार घोळ होतात.

वाईकर_पागा | 20 जानेवारी, रात्री 10:00

सगळं सांगितलं तसं केलं. डॉक्टरांनी स्वतः रक्तजल वेगळं काढलं. भोवऱ्यांसकट वर्णन मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. थर्मासच्या डब्यातून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे रवाना झालं.

व्यापाऱ्याला सकाळीच नाही म्हणून सांगितलं. पाचगणीच्या मित्राने न मागता वैरणीची एक गाडी पाठवली. त्याला इथूनच नमस्कार.

वाईकर_पागा | 2 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:10

दोघांचाही निकाल आला. ग्लँडर्स नाही.

कागद तीनदा वाचला. आईने आधी घोडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, मग माझ्या. आता डॉक्टरांनी नाकाचा स्वॅब शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचं ठरवलंय. त्यांच्या मते स्ट्रँगल्सच आहे.

निवृत्त_पशुवैद्य | 2 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:30

फार बरं वाटलं. पण अजून वछेरा चंद्रीजवळ आणू नका. स्ट्रँगल्सही घोड्यांत झपाट्याने पसरतो. काही जनावरं बरी झाल्यावरही घशामागच्या पिशवीत जिवाणू बाळगतात आणि महिनोन्महिने दुसऱ्यांना देतात. स्वॅब स्वच्छ येईपर्यंत वेगळाच ठेवा, आणि टेबल लँड तोवर नको.

आणखी एक. संसर्ग अगदी नवा असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायच्या आधीचं रक्त निर्दोष दिसतं. ज्या बाजारातून वछेरा आणला तिथल्या दुसऱ्या जनावरांची अवस्था आपल्याला माहीत नाही. काही आठवड्यांनी दोघांचं रक्त पुन्हा द्या. डॉक्टर म्हणाले नसतील तर तुम्ही म्हणा.

वाईकर_पागा | 2 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:55

देतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा घ्यायचं डॉक्टरांशी बोललो. मुलगा अजून पडवीकडे जात नाही, लांबूनच हाका मारतो.

माणदेशी_मेंढका | 4 फेब्रुवारी, रात्री 9:15

दादा, बरं झालं. हा समदा धागा मी आमच्या वाड्यात वाचून दाखवला. शेकोटीपाशी. टिकलीचं आणि मेंढीच्या रक्ताचं ऐकून म्हातारी माणसं पुढं सरकून बसली. आई म्हणाली, हे आपल्याला तवा कुणी सांगितलं असतं तर घोडी डोंगराआड कशाला न्हेली असती?

आमच्या चार वाड्यांत मिळून अकरा तट्टं आन् तीन गाढवं हाईत. सध्या मुक्काम पाटणच्या बाजूला हाय. हितल्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर सोमवारी येतो म्हणाले, समद्यांचं रक्त एकदम घेऊ म्हणाले. गाढवाचं पण त्याच नळीत चालतं का? आन् वर्णन मी आधीच वहीत लिहून ठेवतोय, भोवऱ्यांसकट.

रक्तजल | 4 फेब्रुवारी, रात्री 9:40

चालतं भाऊ. लाल झाकणाचीच. पण फॉर्मवर "गाढव" असं ठळक लिहायला सांगा, आम्हाला उष्णता वेगळी द्यावी लागते. चौदा नळ्या आणि चार-पाच जास्तीच्या आणायला डॉक्टरांना आधीच फोन करा. सकाळी लवकर घ्या, ऊन चढायच्या आत.